पाय टेकायला दगड

अप्पांच्या गाडीवर मागं बसणाऱ्याला एक काम असायचं, दगड शोधायचं. "थांबू या का जरा?" असं त्यांनी हेल्मेटमधून विचारलं की मी रस्त्याच्या डाव्या बाजूला नजर लावायचो. मैलाचा दगड, पुलाचा कठडा, कुणाच्या घराचा ओटा, झाडाचा पार, काहीही चालायचं. फक्त गुडघ्याच्या खाली नको आणि कमरेच्या वर नको. दिसला की मी ओरडायचो, "अप्पा, पुढं पूल आहे!" मग अप्पा गाडी मोठ्या अदबीनं कठड्याला लावायचे, डावा पाय त्यावर टेकवायचे, एक सुस्कारा सोडायचे, आणि त्यानंतरच आपण थांबलो असं समजायचं. दगड मिळाला नाही तर थांबणं रद्द. एकदा मला लघवीची घाई झालेली असताना ते पार भालकीपर्यंत रद्द झालं होतं. तेव्हापासून मी निघण्याआधी पाणी प्यायचं सोडलं.

कारण साधं होतं. अप्पांची उंची पाच फुटांच्या अलीकडची आणि गाडी ॲडव्हेंचर. म्हणजे पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर काढलेलं, चाकं दातेरी, सीट माझ्याही कमरेला लागेल इतकी उंच. इंजिन मात्र दोनशे सीसीचं. त्या जातीच्या गाड्यांत ते लेकरूच म्हणायचं. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. "मोठ्या गाड्या पडल्या तर उचलाया चौघं लागतेत," ते म्हणायचे. "ही पडली तर तुमी अन् मी." आणि ती पडायचीच, त्यामुळं हिशोब बरोबर होता.

मी मूळचा उदगीरचा. बँकेतल्या बदलीनं बिदरला गेलो आणि तिथल्या मैलूर भागात अप्पांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. खाली अप्पा आणि काकू. अप्पांचा जन्म तुरीच्या व्यापारात गेलेला. दुकान मुलांच्या हाती सोपवलं आणि सगळ्यांना वाटलं, आता हे मठात जाऊन प्रवचनं ऐकतील. त्यांनी मोबाइलवर लडाखचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. शोरूममधल्या विक्रेत्यानं यांना आपादमस्तक न्याहाळलं (त्याला वेळ लागला नसणार) आणि म्हणाला, "अप्पा, तुमच्यासाठी स्कूटर दाखवतो." अप्पा म्हणाले, "स्कूटर चिखलात जाती का?" तो म्हणाला, नाही. "मग ती तुझ्या सासऱ्याला दाखव."

मला ती गाडी त्यांनी कधी चालवू दिली नाही. एकदा मी फार आग्रह केला तर म्हणाले, "तुमचे पाय टेकतेत. मग त्यात मजा काय ऱ्हायली?"

स्वारीचा पोशाख ठरलेला. पांढरा शर्ट, पांढरं धोतर. धोतर चेनमध्ये जाऊ नये म्हणून ते दोन्ही पायांच्या गार्डमध्ये घट्ट कोंबलेलं. वर काळं जाकीट, कोपरांवर प्लास्टिकच्या वाट्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असायचे, ते हेल्मेटच्या आतल्या स्पंजवर उमटायचे. चुकून ते हेल्मेट मी घातलं की माझ्याही कपाळाला विभूती लागायची. "ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणायचे, "इम्याचं काम करती." गाडीच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या. एकीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दुसरीत हवेचा पंप, पंक्चरचं सामान आणि घरची उशी. परक्या उशीवर झोपलं की परकी स्वप्नं पडतात, हे त्यांचं ठाम मत होतं.

लडाखची गोष्ट मी बिदरला जाण्याच्या आधीची, पण मैलूरमध्ये ती अजून रंगवून सांगतात. गाडी घेतल्याच्या वर्षी अप्पा लडाखला निघाले. गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. लडाख उत्तरेला, पण अप्पांनी गाडी आधी दक्षिणेला हुमनाबादकडे वळवली. मेहुण्याला न भेटता लडाखला गेलं तर मेहुणा काय म्हणेल? हुमनाबादच्या अलीकडच्या गावात मावसभाऊ. त्यानं उप्पीट खाऊ घातलं. मावसभावाकडं गेलं आणि त्याच्या शेजारच्या व्याह्यांकडं गेलं नाही असं कसं होईल? तिथं जेवण. मेहुण्याकडं पुन्हा जेवण, आणि "रात्री पुरणाची होळगी केलीय, कुठं जायलाव?" म्हणून मुक्काम. असं करत करत अप्पा परतले तेव्हा गाडीवर भुईमुगाचं पोतं होतं, एक भोपळा होता आणि लग्नाच्या दोन पत्रिका होत्या. कुणीतरी विचारलं, "लडाख कसं हाय अप्पा?" अप्पा पोटावर हात ठेवून म्हणाले, "जड हाय."

बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या या सीमेवरच्या मुलखात चोरी माफ होते, भांडण मिटतं, शेताचा बांध कोरला तरी दहा वर्षांनी माणसं एका पंगतीला बसतात. माफ होत नाही ती एकच गोष्ट. पाहुण्याच्या, म्हणजे नातलगाच्या, गावावरून जायचं आणि त्याच्या घरी जायचं नाही. मग लग्नाकार्यात, भर मांडवात, कुणीतरी तुम्हाला विचारतं, "कामून, आमचं घर काय जळालं होतं का?" तुरीच्या व्यापारामुळं आणि सोयरिकींमुळं अप्पांचा पाहुणा नाही असं गाव बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत शोधून सापडलं नसतं. डांबरी रस्ता धरला की पाहुणे, आणि पाहुणे म्हटलं की जेवण. प्रवास म्हणून होणार नाही.

त्यावर अप्पांनी काढलेला उपाय जगात दुसऱ्या कुणी काढला नसेल. ते गावात शिरायचेच नाहीत. गाव जवळ आलं की डांबर सोडायचे आणि पांदीतून, कालव्याच्या भरावावरून, नाल्याच्या कोरड्या पात्रातून गावाला वळसा घालून पलीकडं निघायचे. "कंपनीनं ही गाडी डोंगर चढाया केली आसंल," ते एकदा मला म्हणाले. "मी पावणे चुकवाया घेतली."

काकूंना हे पसंत नव्हतं. पाण्यात पडतील, खड्ड्यात पडतील आणि कुणाला कळायचंही नाही, या काळजीनं त्यांनी मला गाठलं. "सुट्टीच्या दिवशी तुमी मागं बसत जावा, बाबा. मागं माणूस आसलं की ह्ये हळू चालवतेत." माझी मुकाट तयारी होण्याचं एक कारण म्हणजे काकूंच्या हातच्या शेंगापोळ्या. दुसरं कारण, मला अप्पा आवडायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पाहुणे चुकवणं जमत होतं, असा अप्पांचा समज होता. एकदा हुमनाबादच्या पुढं एका तुरीच्या शेतातून जाताना चाकाखालची माती सरकली आणि आम्ही दोघं गाडीसकट आडवे झालो. धुऱ्यावरून एक शेतकरी शांतपणे चालत आला. अप्पा पडल्या पडल्या पुटपुटले, "हेल्मेट काढू नका. वळकंल." आम्ही दोघं हेल्मेटं घालून मातीत बसून राहिलो. शेतकरी जवळ आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "हेल्मेट काढा की अप्पा. भाकर खायची हाय, त्याच्यात कशी जाणार?" तो त्यांच्या व्याह्यांचा चुलतभाऊ निघाला. तुम्ही ओळखलंत कसं, असं मी जेवताना विचारलं. तो म्हणाला, "गाडी चालवत दगड हुडकणारं माणूस ह्या भागात एकच हाय." मग कळलं, की अप्पा ज्यांना चुकवायला जिवाचं रान करत होते ते सगळे आपापल्या शेतातून त्यांना जाताना बघत, घरी जाऊन सांगत आणि हसत. राग कुणालाच नव्हता. अप्पांची मोटरसायकल ही त्या मुलखाची करमणूक होती.

राग होता तो फक्त एका घरात, आणि अप्पांना जगात त्याच एका रागाची भीती होती.

हे मला काकूंनी सांगितलं. अप्पांची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणायचे, अफझलपूर तालुक्यातल्या करजगीला दिलेली. आई लवकर गेली, अप्पांना अक्कानंच कडेवर घेऊन वाढवलं. तिकडं पंचमीला भावानं बहिणीच्या सासरी मुऱ्हाळी म्हणून जायचं आणि तिला माहेरी आणायचं. अक्का सत्तरी ओलांडलेली, नातवंडांची धनीण, पण पंचमी म्हटलं की माहेरीच. अप्पा जीप करून न्यायला जायचे. एकही पंचमी चुकली नव्हती. मग गाडी आली. नव्या गाडीवर अप्पा विजापूरचा गोल घुमट बघायला निघाले, वाटेत करजगीच्या स्टँडवर थांबले, हाटेलात चहा प्यायले आणि तसेच पुढं गेले.

"अक्काकडं न जाता?" मी विचारलं.

"तेच तर," काकू म्हणाल्या. "सख्ख्या बहिणीच्या गावात, हाटेलचा चहा! गावभर झालं. पंचमीला ह्ये जीप घेऊन गेले तर वन्संनी दार उघडलं न्हाई. आतूनच म्हणल्या, ज्या हाटेलात चहा पिलास त्या हाटेलाला न्ये पंचमीला."

त्यानंतर अक्का माहेरी आल्या नाहीत. काकू दर पंचमीला तिळाच्या, शेंगांच्या, डाळ्यांच्या उंड्या, म्हणजे लाडू, वळायच्या आणि त्या गल्लीत वाटून संपायच्या. अप्पा त्या दिवशी जेवायला उशिरा बसायचे.

मला हे कळलं आणि आमच्या सहलींचा उलगडा झाला. अप्पा घोषणा कुठलीही करोत, विजापूर म्हणोत, सोलापूर म्हणोत, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हमखास करजगीच्या शिवेबाहेर एका कालव्याच्या भरावावर असायचो. आदल्या रात्री गुलबर्ग्याच्या अलीकडं एका मठात मुक्काम, सकाळी पांदीपांदीनं वाटचाल, आणि मग हा भराव. तिथं एक बरा दगड होता. अप्पा त्यावर पाय टेकवायचे, गाडी उभी करून उतरायचे, भाकरी सोडायचे आणि गावाकडं तोंड करून बसायचे. मग मला म्हणायचे, "तुमची नजर चांगली हाय. त्या लिंबाच्या झाडामागं धूर दिसायलाय का, बगा."

घरात गॅस असला तरी अक्का भाकरी चुलीवरच करायच्या. धूर दिसला म्हणजे अक्का हिंडत्याफिरत्या आहेत, चूल पेटलीय, बऱ्या आहेत. "दिसायलाय," मी म्हटलं की अप्पा भाकरीचा पहिला घास तोंडात घालायचे. जेवण झालं की गाडी वळायची आणि आम्ही बिदरला परत. विजापूर त्या दिवशी पुन्हा राहून जायचं. हा गोल घुमट मी आजतागायत पाहिलेला नाही.

एकदा त्या भरावावर मी धीर करून विचारलं, "अप्पा, त्या दिवशी तुम्ही गेला का नाहीत?"

त्यांनी चटणीत बोट फिरवलं. मग म्हणाले, "गेलतो."

"म्हणजे?"

"तिच्या गल्लीत गेलतो मी. दोनदा. गल्ली आरुंद, एका अंगाला नाली, एका अंगाला भिंती. पाय टेकाया जागा न्हाई. गाडी नवी, सवय न्हाई. थांबलो आसतो तर नालीत पडलो आसतो, बहिणीच्या दारात, तिच्या भावकीदेखत. एकदा गेलो, पुढनं वळून परत आलो. दार तसंच बंद. हाक मारावं तर हेल्मेट. मग स्टँडवर आलो. हाटेलाम्होरं कट्टा हाय, तितं पाय टेकला. घसा सुकलता, म्हून चहा पिलो. म्हणलं, येताना चालत जाऊ. अन् येताना हिंमतच झाली न्हाई."

मला हसू आवरेना. अप्पा रागावले, तोंड फिरवून बसले.

"मग हे सांगायचं ना त्यांना!"

"काय सांगू? माझे पाय टेकत न्हाईत म्हून तुझ्याकडं आलो न्हाई?" त्यांचा आवाज एकदम चिरका झाला. "लहानपणी रोज सकाळी ती मला लिंबाच्या फांदीला लटकवायची. उंच व्हावं म्हून. दोन्ही पाय धरून खाली वढायची. दुसऱ्या दिवशी भिंतीवर रेघ मारून बगायची. किती मेहनत घेतली तिनं! अन् आता म्या सांगू व्हय तिला, का काय उपयोग झाला न्हाई म्हून?"

मी हसायचा थांबलो. त्या गोष्टीला हसता येत होतं, पण त्या माणसाकडं बघून हसता येईना.

पुढच्या श्रावणाच्या तोंडावर करजगीहून निरोप आला. अक्कानं धाडलेला नव्हता, तिच्या मुलानं काकूंना फोन केला होता. तो बंगळूरला नोकरीत. दिवाळीनंतर तो आईला कायमची तिकडं नेणार होता. करजगीचं घर बंद करायचं. म्हणजे करजगीहून माहेरी येण्याची ही शेवटची पंचमी. ती गेली की लिंबामागचा धूरसुद्धा दिसायचा नाही.

काकूंनी उंड्यांचा डबा पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "औंदा ह्या परत आणायच्या न्हाईत."

"जीप सांगतो," मी म्हणालो. अप्पांनी मान हलवली. "ज्या गाडीवरून चुकलो, त्याच गाडीवरून जाणार."

निघालो. सवयीप्रमाणं पहिलं गाव दिसताच अप्पांनी पांदीत गाडी घातली. श्रावणातली काळी माती ती, दहा हात गेलो नाही तोच चाकात आणि मडगार्डात तिचा गोळा बसला आणि चाक फिरायचंच थांबलं. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. आम्ही काड्यांनी माती खरडत बसलो. मी वैतागून म्हणालो, "अप्पा, या चालीनं पंचमी कालव्यावरच होईल. डांबर धरा." अप्पांनी हातातल्या काडीकडं बघितलं, ती फेकली आणि गाडी मागं ढकलायला लागले.

त्या दिवशी प्रथमच आम्ही गावांमधून गेलो. लोकांना धक्काच बसला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. "अय्यो, अप्पा रस्त्यानं आले! बर्री, बर्री! या की!" अप्पांना थांबायची सोय नव्हती, वेळही नव्हता. ते एका हातानं हेल्मेटची काच वर करून ओरडत सुटले, "येताना येतो! शपथ हाय, येताना येतो!" प्रत्येक गावात तीच आरोळी. मी मागं बसून मनात म्हणत होतो, अप्पा, तुम्ही काय कबूल करत सुटलाय याची कल्पना आहे का तुम्हाला?

मठातला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी करजगी. या वेळी भरावावर न जाता आम्ही सरळ स्टँडवरून आत शिरलो. गल्ली त्यांनी सांगितली होती तशीच निघाली, एका अंगाला वाहती नाली आणि दुसऱ्या अंगाला भिंती. मी ठरवूनच ठेवलं होतं, की घराशी गाडी हळू झाली की आपण उडी मारायची आणि गाडी धरायची. लिंबाचं झाड आलं. मी एक पाय उचलला. एवढ्यात गाडी थांबली. न डगमगता, न कलंडता थांबली. मी खाली बघितलं.

दाराच्या डाव्या हाताला शहाबादी फरशीचे तुकडे एकावर एक रचून, वर सिमेंट ओढून, एक ठोकळा बांधलेला होता. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. त्याला शेवाळ चढलेलं होतं, म्हणजे आजकालचा नव्हता. अप्पांचा डावा पाय त्यावर टेकलेला होता आणि अप्पा त्या पायाकडं बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

दार उघडलं. अक्का उंबऱ्यात आल्या. उंच बाई, अजून ताठ. इरकली लुगडं, कपाळावर विभूती. भावाची सगळी उंची बहिणीनंच घेतलेली दिसत होती.

"उतर," त्या म्हणाल्या. "का आता बी पुढं जायलास?"

अप्पा हेल्मेट काढायचंही विसरले होते. "अक्का, ह्यो दगड..."

"लई दिवसांचा हाय. गल्लीवाले शिव्या देतेत, येताजाता ठेचा लागतेत म्हून. मी काढू दिलं न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळा जिल्हा सांगतो, तुजे पाय टेकत न्हाईत म्हून. तूच तेवढं सांगितलं न्हाईस." आणि मग त्यांचा आवाज चढला. "अन् त्या कालव्यावर बसून भाकर खातोस ती मला दिसत न्हाई वाटतं? म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले. तू आलास की मुद्दाम वली लाकडं घालते चुलीत, दुरून दिसावं म्हून. डोळे गेले माझे त्या धुरानं!"

अप्पांनी हेल्मेट काढलं. विभूती पुसून गेली होती आणि चेहरा लहान पोरासारखा झाला होता. ते उतरून अक्काच्या पाया पडले. अक्कांनी त्यांना उठवलं आणि उठवताना, मी स्वतः बघितलं, डोक्यावरून हात फिरवता फिरवता तो हात आपल्या खांद्यापाशी आणून त्यांनी हळूच माप घेतलं. मी नालीकडं बघत उभा राहिलो.

एक रात्र तिथं राहिलो. काय काय खाल्लं ते सांगत नाही. सकाळी निघायची वेळ झाली आणि माझ्या एक गोष्ट प्रथमच लक्षात आली, की गाडीवर माणसं दोनच बसतात. हे अप्पा, काकू आणि मी, तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अक्कांनी माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं, पदरावरून डोक्यात घातलं आणि मला म्हणाल्या, "तुमाला बस हाय, बाळा. पिशवी तेवढी तुमी घ्या." त्याच ठोकळ्यावर चढून त्या अशा सहज मागं बसल्या, की त्याचा तोही उपयोग त्यांनी आधीच ठरवला असावा, अशी मला शंका आली.

मी बसनं संध्याकाळी मैलूरला पोचलो. ते दोघं काही त्या दिवशी पोचले नाहीत. अप्पांनी वाटेवरच्या साऱ्या गावांपुढं शपथ घेतली होती आणि मागं बसली होती अक्का, जिला शपथ मोडलेली खपत नसे. सोडलेली सगळी घरं त्यांनी एकेक करून घेतली. पंचमी रस्त्यातच झाली. अक्का हुमनाबादला कुणाच्या तरी दारातल्या झोक्यावर चढल्या आणि उतरायला तयार होईनात, असा काकूंना फोन आला. शेवटी आले तेव्हा पेट्यांचं झाकण लागत नव्हतं आणि अप्पांच्या जाकिटाची चेनही. उंडी मात्र एकही परत आली नव्हती.

दिवाळीनंतर अक्का बंगळूरला गेल्या. माझीही बदली झाली. अप्पा अजून गाडी चालवतात, आता गावांमधून, आणि ठिकठिकाणच्या पाहुण्यांनी आपापल्या दारात एकेक दगड ठेवला आहे म्हणतात. मला अप्पा आठवतात ते मात्र करजगीच्या स्टँडवरचे, त्या सकाळचे.

मी बसची वाट बघत उभा होतो. गाडी गल्लीतून आली, हळू, आणि माझ्यासमोरून पुढं जाणार तोच अक्कांनी अप्पांच्या पाठीत बुक्की मारली. "थांब."

हाटेलासमोरचा कट्टा डाव्या हाताला होता. अप्पांनी पाय टेकवला. त्यांचा रंग उडाला होता. अक्का कट्ट्यावर उतरल्या, हेल्मेट काखेत धरलं आणि सरळ हाटेलात शिरल्या. आत बसलेली माणसं उठलीच. गावची सून, सत्तरीची झाली तरी सूनच, आणि त्या हाटेलात गावची कुठलीच सून कधी बसली नव्हती. अक्का बाकावर बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "ह्यानं त्या दिवशी पिला तसला एक."

चहा आला. अप्पा दारात उभे, हातात हात गुंतवून. अक्कांनी चहा बशीत ओतला.

"त्या दिवशी शेजारीण पळत आली," त्या बशीकडं बघत म्हणाल्या. "म्हणली, तुमचा भाऊ स्टँडवर आलाय. मी आधण ठेवलं. साखर घातली, आलं ठेचलं. दूध घातलं. आन् बसले. पार आटून गेलं, पातेलं करपलं." त्यांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं. दुसरा घेतला. मग बशी खाली ठेवून भावाकडं वळल्या.

"ह्याच्यापायी, व्हय रे?"

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात माझी बस आली. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून बघितलं. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, बाकावर जरा सरकून शेजारी जागा केली, आणि हाटेलवाल्याला म्हणाल्या, "लई बेकार हाय. अजून दोन दे."